पिसांची पावडर आणि पप्पांचं टॉनिक

सोलापूर किती धार्मिक आहे, हे मी निळी पिंपं बघून सांगू शकते. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी आमच्या कंपनीच्या दारात टेम्पोतून जेमतेम चारदोन पिंपं उतरतात. बुधवारी आणि रविवारी ती ठेवायला जागा पुरत नाही. एकादशीला टेम्पोवाला टेम्पोतच झोप काढतो. श्रावणात सगळं गार. आणि गटारीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे महिनाभर खायचं नाही म्हणून लोकांनी महिनाभराचं एका दिवसात खाऊन घेतलेलं असतं त्या दिवशी, पिंपांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाते. श्रद्धा श्रद्धा म्हणतात ती मला त्या दिवशी दिसते.

पिंपांत काय असतं? तुम्ही चिकनच्या दुकानात जे मागत नाही ते सगळं. पिसं, मुंडकी, पाय, आतडी. तुम्ही दुकानदाराला बारीक पीस करायला सांगता, काळी पिशवी घेता आणि निघता. उरलेल्या कोंबडीचं काय झालं हे विचारायला कुणी परत आल्याचं मी ऐकलेलं नाही. ती उरलेली कोंबडी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला, आमच्याकडे येते. तिथे ती मोठ्या बंद कुकरमध्ये वाफेच्या दाबाखाली शिजते. चरबी वेगळी निघते, राहिलेलं वाळवून दळलं जातं, आणि बारीक तपकिरी पावडर पोत्यांत भरून बाहेर पडते. बरीचशी टेंभुर्णीकडे जाते, मासे पाळणाऱ्यांच्या खाद्यात. काही कुत्र्यांच्या खाद्यात, काही पुन्हा कोंबड्यांच्याच. गाईम्हशींना आणि शेळ्यामेंढ्यांना घालायची नाही, असं पोत्यावर ठळक छापलेलं असतं.

मी तिथली प्रयोगशाळा. म्हणजे प्रयोगशाळेत मी, एक टेबल, एक भट्टी, काचेची नळकांडी आणि पंखा. पावडरीत प्रथिनं किती, हे मी काढते. यात एक गंमत आहे. ती मोजणी खरं तर नायट्रोजनची असते, त्यावरून आपण प्रथिनांचा हिशेब लावायचा. तुमची चामड्याची चप्पल दळून दिलीत तर तिचाही निकाल फर्स्ट क्लास येईल. पिसांचंही तसंच. पिसं म्हणजे नुसतं प्रथिन, पण ती नीट शिजली नाहीत तर माशाच्या तोंडातून आत जातात तशीच मागून बाहेर येतात. म्हणून पचन किती होतंय याची वेगळी तपासणी करावी लागते, आणि कुकरवाल्याशी रोज भांडावं लागतं. त्याला सुट्टी हवी असते आणि मला अजून अर्धा तास वाफ हवी असते. तो चिडला की तेलुगूत पुटपुटतो. मला तेलुगू येत नाही, पण तो माझं कौतुक करत नसावा.

मालक शुद्ध शाकाहारी आहेत. माणूस चांगला, पगार वेळेवर देतो. केबिनमध्ये दोन उदबत्त्या कायम. पण कुकरच्या खोलीत सहा वर्षांत त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. दसऱ्याला कुकरची पूजा करतात तीही उंबऱ्यावर उभं राहून. हार तिथूनच फेकतात. पहिल्या वर्षी तो माझ्या गळ्यात पडला होता.

वासाबद्दल मी खोटं बोलणार नाही. वास येतो. संध्याकाळी सिग्नलला माझी गाडी थांबली की शेजारचा माणूस आधी आपली एक चप्पल उलटी करून बघतो, मग दुसरी, मग आभाळाकडे. माझ्याकडे कुणी बघत नाही. ओढणी गुंडाळलेली, पाठीला बॅग लावलेली नोकरदार बाई एवढी घाण मारत असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. मी पण मग माझी चप्पल बघून घेते.

हे सगळं मी हसत सांगते, पण माझ्या घरात यावर कुणी हसत नव्हतं.

आमच्या घरात एक गोष्ट दरवर्षी सांगितली जाते. माझे आजोबा अक्कलकोटकडच्या एका गावात राहायचे. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या घराकडे. पैसे नाहीत, विचारणं नाही, हाक आली की जायचं. मग आमच्या लोकांनी ठरवलं, आजपासून मेल्या जनावराला हात लावायचा नाही. त्यानंतर पाटलाचा बैल मेला. हाक आली. आजोबा दारात बसून तंबाखू मळत राहिले. बैल तीन दिवस गोठ्यात पडून होता, सगळं गाव नाकाला पदर लावून फिरत होतं, आणि आजोबांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. मग आमच्या घराला पिठाची गिरणी बंद झाली, दुकान बंद झालं, आणि आजोबा बायकोपोरं घेऊन सोलापुरात आले. पप्पा ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. त्यांच्या सांगण्यात तो बैल दरवर्षी थोडा मोठा होत आलाय. मी लहान होते तेव्हा साधा बैल होता, आता त्याला ओढायला क्रेन लागेल.

पप्पांनी स्वतः तीस वर्षं कचऱ्याच्या गाडीवर काम केलं. घरी आले की आधी मोरीत जायचे, दोनदा साबण लावायचे, आणि मगच मला जवळ घ्यायचे. मला शिकवायचं, एवढं एकच त्यांचं ठरलेलं. मी एमएस्सी केमिस्ट्री झाले तेव्हा त्यांनी विहारात पेढे वाटले. केमिस्ट म्हणजे औषधं, एवढं त्यांना माहीत होतं.

मग मला ही नोकरी लागली. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा पप्पा दारातच उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांच्या नाकाला कळलं. तीस वर्षं तो वास त्यांच्या ओळखीचा होता.

"तुज्या आज्यानं ढोर वढायचं सोडलं," ते म्हणाले. "म्या कचऱ्याची गाडी वढली. का, तर तू वढू नये म्हणून. आन तू एमेस्सी करून कोंबड्याची आतडी शिजवायलीस?"

"मी शिजवत नाही, पप्पा. शिजली का ते बघते."

हे उत्तर मला तेव्हा फार हजरजबाबी वाटलं होतं. त्यांनी त्यावर आठवडाभर अबोला धरला.

तेव्हापासून घरात एक नियम आपोआप बसला. मी कामावरून आले की मागच्या बोळातून थेट न्हाणीघरात जायचं. कोट गच्चीवर वेगळ्या दोरीला. माझी आंघोळ होईस्तोवर पप्पा पुढच्या खोलीत, खिडकीला नाक लावून. आणि बाहेर, विहारात, वस्तीत, लग्नात कुणी विचारलं तर पोरगी टॉनिकच्या कंपनीत. माझे वडील जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना ते बेताचं बोलता येत नव्हतं. टॉनिक लाल रंगाचं आहे, गोड आहे, बायकांच्या अशक्तपणाला चांगलं आहे, परदेशी जातं, असं सगळं ते सांगून मोकळे व्हायचे.

मला राग यायचा. आजोबांना ते काम लादलेलं होतं. मी मुलाखत देऊन, पगार ठरवून, पांढरा कोट घालून ते करत होते, आणि चांगलं करत होते. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. पण रागाच्या खालचं खरं वेगळंच होतं. मला एवढंच हवं होतं की माझ्या बापानं एकदा, एकदाच, चार लोकांसमोर माझं काम काय आहे ते त्याच्या खऱ्या नावानं सांगावं. बाकी सगळं जग चपला बघत बसलं तरी मला चाललं असतं.

मागच्या उन्हाळ्यात माझं एक काम जमलं. चार महिने मी कुकरवाल्याचं डोकं खाऊन पिसांची वेळ आणि दाब बसवत होते, आणि एक माल असा निघाला की पचनाचा निकाल बघून मी तो दोनदा केला. रंग फिका, दळण बारीक, वास अगदी कमी. मालकांनी केबिनमधूनच शाबासकी दिली. मी त्यातली पाव किलो पावडर एका झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून घरी आणली. वर माझ्या अक्षरात फक्त मालाचा नंबर आणि तारीख, आम्ही नमुन्यावर तेवढंच लिहितो. लोक मेडल आणतात, मी हे आणलं. आईनं बाटली पुसून शोकेसमध्ये ठेवली, माझे शाळेतले कप आणि काचेचा हत्ती यांच्या मध्ये. पप्पांनी ती हलवली नाही. बघितलीही नाही.

आषाढात विहारात वर्षावास सुरू झाला. रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन, पावसाळाभर. वाचनाआधी पंचशील म्हणायचं, त्यातलं पहिलं शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. मी ते बिनघोर म्हणते, माझ्याकडे येईपर्यंत सगळं आधीच झालेलं असतं. मग गटारी आली, पिंपं आली, मी तीन दिवस कंपनीतच अडकले. आणि नंतर श्रावण लागला. श्रावणात अर्धं शहर सोवळ्यात असताना आमची कंपनी आमच्या वस्तीच्या आणि मुसलमान मोहल्ल्यांच्या जिवावर चालते. त्या महिन्यात मी रविवारी चिकन खाते ते थोडं कर्तव्य म्हणूनही.

अशाच एका निवांत सकाळी पप्पा माझ्यासमोर चहा घेऊन बसले. बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमची ती पावडर. एकाद्यानं खाल्ली तर काय हुतं?"

"कुणी? माशानं?"

"न्हाय."

"कुत्र्यानं?"

"न्हाय गं."

मी शोकेसकडे बघितलं. कप होते, हत्ती होता, आणि मध्ये बाटलीच्या बुडाएवढा एक स्वच्छ गोल होता. बाकी फळीवर धूळ होती.

झालं होतं असं. पप्पांच्या गाडीवर त्यांच्याबरोबर तीस वर्षं काम केलेले एक काका आमच्या वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. पप्पांचे जिवलग. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी ताकदीचं खायला सांगितलं होतं. मी कंपनीत अडकलेली असताना ते घरी आले. आई बाजारात गेलेली. गप्पा मारता मारता त्यांचं लक्ष शोकेसकडे गेलं. हेच का ते टॉनिक, म्हणाले. पप्पांना नाही म्हणायची संधी होती. ती त्यांनी घालवली. व्हय, म्हणाले. मग दे की मला, काका म्हणाले, आणि बाटली पिशवीत घालून गेले. उद्या काहीतरी सांगून परत आणू, असा पप्पांचा विचार होता. त्या उद्याला चार दिवस झाले होते.

"ते तर लाल होतं, गोड होतं!" मी ओरडले. "तपकिरी कसं झालं ते विचारलं नाही का त्यांनी?"

"सुकं हाय म्हनालो."

त्या सकाळी मी माझ्या वडिलांना जे बोलले ते त्याआधी कधी बोलले नव्हते. आजोबांचा बैल तुम्हाला वाढवून सांगता येतो, म्हटलं, आणि माझी नोकरी तेवढी लपवून ठेवता येते. लाजेपायी मित्राच्या पोटात काय जातंय ते चार दिवस बघत बसलात. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती काहीच बोलली नाही, म्हणजे ती माझ्या बाजूनं होती. पप्पा बशीतल्या चहाकडे बघत होते. त्यावर साय धरली होती.

आता शांतपणे सांगायचं तर ते विष नव्हतं. दाबाखाली शिजलेला माल, किडे जंतू काही उरत नाही. पण नंतर तो गोदामात उघडा पडतो, तिथे पाली आहेत, उंदीर आहेत, कुकरवाल्याचे पाय आहेत. माणसाचं खाणं असं बनत नाही. मी तो माल माशासाठी तपासला होता, ऑपरेशन झालेल्या काकांसाठी नाही.

मी गाडी काढली. पप्पा मागे बसले. माझ्या पाठीच्या बॅगेत कामावरचा कोट होता, त्याचा वास त्यांच्या तोंडावर येत असणार.

काका घरासमोर बाकड्यावर बसलेले होते. रंग चांगला, चेहरा हसरा. आम्हाला बघून त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज काढला.

"आल्या की म्याडम! अगं, काय टॉनिक हाय! लई भारी. चार दिसात फरक!"

समोरच्या दोन घरांतल्या बायका बाहेर आल्या. काकांची सून म्हणाली, रोज सकाळी स्वतःच दुधात घालतात, ग्लास घेऊन मागच्या अंगणात जाऊन पितात, कुणाला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं, काका, ते आता घ्यायचं नाही, बाटली परत द्या.

"चल, मागं चल. दावतो तुला," असं म्हणून ते काठी टेकत उठले.

मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एक पिवळी कुत्री पडली होती. तिच्या पोटाशी पाच पिल्लं लुचत होती. शेजारी एक जर्मनची थाळी, चाटून लख्ख केलेली.

"ही पिती," काका हळू आवाजात म्हणाले. "याली तवा आंगावर दूध न्हवतं बग. पोरं मरत्यात का काय, असं वाटायलं हुतं. आता बग की."

मी टाकीच्या कट्ट्यावर बसले. "म्हणजे तुम्ही खाल्लं नाही?"

"येडी हायस का? झाकण काढलं आन कळलं की. तीस वर्सं कोंबडी बाजाराची पिंपं उचलली म्या आन तुज्या बापानं. कितीबी दळा, कितीबी वाळवा, मला वास कळत न्हाय व्हय?"

"मग परत का नाही दिलीत?"

"दिली असती तर त्याला तोंडावर खोटारडा म्हनल्यावानी झालं असतं." काकांनी कुत्रीकडे बघितलं. "आन मालबी चांगला हाय. वाया कशाला घालवायचा."

मी हसायला लागले आणि मग मला रडूच आलं. सहा वर्षांत माझ्या मालाला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस होता, जो मालक नव्हता आणि मासा नव्हता.

पप्पा भिंतीच्या कोपऱ्यावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काकांनीही त्यांना बघितलं, पण वळले नाहीत. कुत्रीशी बोलावं तसं म्हणाले, "आपन जलमभर हितली घान उचलून तितं टाकली. हिनं तिला कामाला लावली. कोन मोठं, सांग."

पप्पा वळून गाडीकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी विहाराच्या दारात त्यांना कुणीतरी सहज विचारलं, पोरगी कुठं कामाला, तर पुन्हा टॉनिकच. मी दोन पावलांवर होते. मला वाटलं, संपलं, हा माणूस काही बदलायचा नाही. मी काकांना जाऊन हे सांगितलं. काका गालातल्या गालात हसले.

"थांब जरा. कवर दम धरतोय ते बगू."

आणि त्या संध्याकाळपासून काकांनी सुरू केलं. वाचन संपलं की उभे राहायचे आणि माझ्या कंपनीच्या टॉनिकचं गुणगान करायचे. गुडघे मोकळे झाले. जिना चढवतो. भूक लागते. लाजत नव्हते काही. आठवडाभरात आमच्या घरी माणसं यायला लागली. एकीची सून बाळंत झाली होती, तिला हवं होतं. एका निवृत्त मास्तरांना कंबरेसाठी हवं होतं. विहारात खीर करणाऱ्या मावशींना आपल्या दोन्ही लेकींसाठी. पप्पा आधी म्हणाले, पुढच्या आठवड्यात. मग म्हणाले, माल संपलाय. मग म्हणाले, कंपनी दुरुस्तीला बंद आहे. मावशी म्हणाल्या, बंद कसली, कालच तुमची पोरगी ओढणी गुंडाळून जाताना दिसली.

एका रात्री जेवताना पप्पांनी भाकरी मोडता मोडता मला म्हटलं, "तूच सांग की त्यांना कायतरी."

"मी कुणाच्याही हातात ती पावडर पडू देणार नाही," मी म्हटलं. "पण का ते मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

आईनं त्यांच्या ताटात शेंगाचटणी वाढली आणि शोकेसकडे बघून म्हणाली, "मी सांगू का?" पप्पा घाईघाईनं नको म्हणाले.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. विहारात शेवटचं वाचन आणि मग खीर. पण ही पौर्णिमा दसऱ्यानंतर चारपाच दिवसांनी येते, आणि नऊ दिवस देवीसाठी तोंड बांधून बसलेलं सोलापूर दसरा झाला की कोंबड्यांवर तुटून पडतं. पिंपं फाटकाबाहेर. मला निघायला उशीर झाला. घरी जाऊन आंघोळ करायला वेळ नव्हता. कोट बॅगेत कोंबला आणि तशीच विहारात गेले. आत गेले नाही. दारात, चपला ठेवतात तिथे, भिंतीला टेकून उभी राहिले. चपलांच्या ढिगात कुणाला काही वेगळं कळणार नाही असा माझा हिशेब.

आत पंगत बसली होती. वाट्या वाटून झाल्या होत्या. पप्पा पहिल्या ओळीत होते. मास्तरांनी तिथूनच विचारलं, "काय मग, टॉनिकचं काय झालं?" मावशी पळी हातात धरून म्हणाल्या, "मीबी इचारणार हुते." तिसऱ्या कुणीतरी विचारलं. काका खिरीच्या वाटीत बघत बसले होते, एखाद्या भिक्खूसारखे शांत.

पप्पा उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते माईककडे गेले. माईकला त्यांनी दोनदा टिचकी मारली.

"माजी पोरगी टॉनिकच्या कंपनीत न्हाय," ते म्हणाले. "म्या सहा वर्सं खोटं सांगत आलो."

आता थांबतील असं मला वाटलं. पण सहा वर्षांचं साठलेलं होतं, आणि माझ्या वडिलांना थोडक्यात सांगणं येत नाही हे मी आधीच सांगितलंय. त्यांनी पिंपांपासून सुरुवात केली. कोंबडीची पिसं, म्हणाले. मुंडकी. पाय. आतडी, आतल्या मालासकट. ती सगळी एका मोठ्या कुकरात टाकतात. त्याची चरबी कशी सुटते, कशी गाळतात, कशी घट्ट होते, हे त्यांनी हातांनी करून दाखवलं. हे सगळं त्यांना कसं माहीत, हे मला कळेना. मी आईला सांगायचे ते पप्पा खिडकीला नाक लावून सहा वर्षं ऐकत होते, दुसरं काय. पंगतीत एकेक चमचा खाली ठेवला जाऊ लागला. मास्तरांनी आपली वाटी हळूच पुढे सरकवली.

"मग ती पिसं तळत्यात," पप्पा म्हणाले.

"तळत नाहीत, पप्पा!" मी दारातून ओरडले. "शिजवतात! दाबावर!"

सगळ्यांनी वळून बघितलं. मी चपलांमध्ये उभी.

"हां, शिजवत्यात," पप्पा माईकमध्ये म्हणाले. "ही माजी पोरगी. शिजली का न्हाय ते ही बगती. हिनं हां म्हनल्याबिगर पोतं फाटकाभाईर जात न्हाय. आन ते खाऊन मासं मोठं हुत्यात, कुत्रीला दूध येतं, पायजे तर ह्याला इचारा." त्यांनी काकांकडे बोट केलं. काकांनी मान डोलावली. "माज्या बापानं ढोर वढायचं सोडलं, ते हुकमानं वढायचं म्हनून. हिला कुनी हुकूम करत न्हाय. उलट हीच सगळ्यांला करती."

मग त्यांनी माईक जागेवर ठेवला आणि मला म्हणाले, "तितं काय उबी ऱ्हायलीस? पुढं ये."

मी नको म्हणून हात केला. ते स्वतःच पंगतीतून वाट काढत दारापर्यंत आले, माझ्या हाताला धरलं आणि मला पहिल्या ओळीत नेऊन बसवलं. शेजारी स्वतः बसले. अंतर ठेवून नाही, मांडीला मांडी लावून. पलीकडचे मास्तर जरा सरकले, त्यांनी नाकाला रुमाल लावला.

त्या दिवशी अर्धी खीर उरली. काका ती बादलीत घालून कुत्रीसाठी घेऊन गेले. पप्पांनी मात्र पूर्ण वाटी खाल्ली, माझ्या शेजारी बसून, अगदी सावकाश.

"पप्पा, मी आंघोळ केली नाहीये," मी हळूच म्हटलं. "वास येतोय."

"यिऊ दे की," ते म्हणाले, आणि मावशींपुढे वाटी धरून अजून एक पळी खीर मागून घेतली.